खंडेनवमीला धुतलेल्या टाक्या

त्यांचा विषय निघाला की आमच्याकडची माणसं आधी हसतात आणि मग बोलतात. गेल्या महिन्यात इथे हैदराबादेत, चिक्कडपल्लीत एका डोहाळजेवणात तेच झालं. कुणीतरी म्हणालं, "अहो, ते नाही का, कंपनीचं विष विहिरीत सोडलं आणि मग स्वतःच त्या विहिरीवर जाऊन बसले!" झालं. वाढणाऱ्यांचे हात थांबले आणि हसणं सुरू झालं. एका बाईंनी तर त्यांची नक्कल करून दाखवली. त्या बाईंनी त्यांना आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही.

मी जेवून निघाले. घरी येऊन कागद काढला आणि त्या एका वाक्यात किती चुका आहेत ते लिहून काढलं. मी याद्या करणारी बाई आहे, राग आला तरी यादीच करते. त्यातली सगळ्यात मोठी चूक मला कुणाला विचारावी लागली नाही, कारण ती माझी स्वतःची आहे.

तेव्हा ते होते त्याच कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होते. नुकतंच लग्न झालेलं होतं. आमचे शेठ बेगम बाजारातले, जिरं-मिरचीचे ठोक व्यापारी. ती नव्वदनंतरची वर्षं होती. जो उठेल तो काहीतरी नवं काढत होता, परवाने उठत होते, सोन्यावरची जुनी बंधनंही उठली होती. शेठनी नदीच्या वाळूतून सोनं धुवायचं एक यंत्र कुठूनतरी उचलून आणलं. यंत्र आलं, पण नदीचा परवाना काही मिळाला नाही. मग शहराबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतीत शेड टाकली आणि त्याच यंत्रावर सोनारांच्या कारखान्यांतला झाडलोटीचा केर धुवायला सुरुवात केली. पूर्वी झारेकरी लोक हातानं करत तेच काम, फक्त पोत्यांनी.

केर जाळायचा, राख दळायची आणि एका लांब उतरत्या पन्हळीवरून पाण्यानं धुवायची. माती वाहून जाते, सोन्याचे कण जड म्हणून आडव्या पट्ट्यांना अडकतात. तो जड गाळ पाऱ्यात घोळायचा, कारण पारा सोनं धरतो. मग पारा तापवून वेगळा करायचा, उरलेलं सोनं ॲसिडमध्ये शुद्ध करायचं. सोनं शेठचं आणि उरलेलं सगळं पाण्याचं. आणि पाणी त्यांचं.

त्यांना सगळे 'पानी साब' म्हणत. घराणं मराठवाड्याकडचं, शेतकरी. वडिलांच्या काळातच हैदराबादला आलेलं. जामबागेतल्या एका शाळेत वीस वर्षं त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि प्रयोगशाळेचं मोरीचं पाणी मुलांच्या नळाजवळून जातं म्हणून भांडून नोकरी सोडली होती. हे ऐकूनही लोक हसतात. का हसतात, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्याकडे त्यांनी तीन टाक्या बांधून घेतल्या होत्या. पहिलीत गढूळ पाणी यायचं, त्यात चुना आणि तुरटी घालायची, गाळ खाली बसायचा. दुसरीत आणखी बसायचा. तिसरीतलं निवळ पाणी पंपानं पुन्हा पन्हळीवर. ॲसिडच्या पाण्याला कोपऱ्यात वेगळी टाकी. तेच पाणी फिरत राहायचं, बाहेर थेंब जायचा नाही. 'सांडपाणी' हा शब्द कुणी काढला की ते उसळायचे. "कुणी सांडलं? नाव सांगा त्याचं!"

रोज सकाळी, दुपारी आणि चारला ते खुणा केलेली बांबूची काठी टाकीत उभी धरून पातळी बघायचे. शेडच्या छपरावर त्यांनी एक पितळी परात पाण्यानं भरून ठेवली होती, वर जाळी. उन्हानं परातीतलं पाणी किती उडालं, त्यावरून टाकीतलं किती उडायला हवं ते काढायचे. टाकीतलं त्याहून जास्त कमी झालं तर ते पाणी जमिनीत गेलं, असा सरळ हिशेब. कामगारांचा समज वेगळाच होता. मुकादम यादगिरीनं मला एकदा हळूच विचारलं होतं, "अम्मा, सारुके बाप का तेरवां कब्बी खतमच नहीं होता क्या? रोज कव्वों कू पानी रखते."

पाऱ्याच्या खोलीत सोनं घालून जायचं नाही, हा त्यांचा दुसरा कायदा. पारा लागला की पिवळं सोनं पांढरं पडतं. शेठनी ऐकलं नाही, त्यांची अंगठी चांदीची दिसायला लागली. मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, मंगळसूत्र खुंटीवर. नाहीतर तुम्ही बाहेर." मी एका डबीत काढून ठेवायला लागले. घरी सासूबाईंना कळलं तेव्हा आकाशपाताळ एक झालं. "कसलं मेलं काम ते, सवाष्णीला गळा मोकळा करायला लावणारं!"

ही गोष्ट पानी साबांपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खिशात पाऱ्याची बारकी बाटली घेऊन आमच्या दारात हजर. सासूबाईंना म्हणाले, "काकू, घरात मोडकं सोनं काही आहे का? कण चालेल." सासूबाईंनी नाक मुरडत तुटक्या कुडीची काडी दिली. त्यांनी ती पाऱ्याला लावली. काडी पांढरी फटक पडली. सासूबाई किंचाळल्या. "आता याचं हो काय करू मी?"

"तापवून परत देतो, कारखान्यात," ते म्हणाले. "पण तुमच्या सुनेचं मंगळसूत्र असं झालं तर तुम्ही मला काय काय म्हणाल, ते मला ऐकायचं नाही."

काडी तिसऱ्या दिवशी परत आली, पिवळीधमक. त्यानंतर सासूबाईच रोज सकाळी विचारायच्या, "डबी घेतलीस का गं?"

ते दारूबंदीचे दिवस होते. पाण्याचे नमुने ते ओळखीच्या प्रयोगशाळेत तपासायला न्यायचे, पिशवीत सहा बाटल्या, सिटी बसमधून. पोलिसांनी दोनदा पकडलं. गुडुंबा, म्हणजे इथली हातभट्टी, नेतात असं समजून. एका हवालदारानं बूच काढून बाटली नाकाला लावली, तर यांनी त्याच्या हातावर फटका मारला. "वास घेऊ नका. पारा आहे. मरायचंय का?" हवालदारानं त्यांना दोन तास ठाण्यात बसवून ठेवलं. आमच्याकडे ही गोष्ट फार रंगवून सांगतात. ते सहा बाटल्या कशासाठी नेत होते, हे कुणी सांगत नाही.

म्हणून मी सांगते. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून नाला होता आणि नाल्यापलीकडे वस्ती. पंधरा-वीस घरं. त्या वस्तीत शंकरम्माची विहीर. शंकरम्मा म्हशी पाळायची, विहीर तिच्या सासऱ्यानं खणलेली, पण पाणी सगळी वस्ती न्यायची. दुसरं पाणीच नव्हतं तिथे. त्या सहा बाटल्यांतली एक नेहमी त्या विहिरीची असायची. शंकरम्माला त्यांनी कारण सांगितलं होतं. ती म्हणायची, "सारु, मेरी बावडी का पानी मेरे से जास्ती तुम चखते."

एका उन्हाळ्यात काठीवर पाणी परातीपेक्षा दोन बोटं जास्त उतरलं. त्यांनी तिथल्या तिथे पन्हळ बंद केली, दुसरी टाकी रिकामी करून तिचं पाणी तिसरीत घेतलं आणि तळाची भेग शोधून काढली. चार दिवस कारखाना बंद. शेठ बेगम बाजारातून धावत आले.

"दो उंगली पानी के वास्ते चार दिन?"

"दोन बोटं कुठं गेली ते सांगा, मी आत्ता चालू करतो."

"अरे साब, सरकार ने सब छोड़ दिया, परमिट छोड़ दिया, सोना छोड़ दिया. तुम एक पानी नहीं छोड़ते!"

"हौ," ते म्हणाले. "मी नाही सोडत."

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. शेठचं वाक्य आम्हाला फार आवडलं. पुढे कित्येक दिवस आम्ही ते एकमेकांना ऐकवत होतो.

त्या वर्षी नवरात्रात ते घटाला गावाकडे गेले. जाताना मला सांगून गेले, "बाई, मी नाही तोवर पन्हळ बंद राहील. टाक्यांना कुणी हात लावायचा नाही." मी ते लिहून घेतलं.

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी शेठचा फोन. पूजेला मुंबईचे पार्टनर येणार. "बाई, सब चकाचक होना. बाहर के लोगां आ रहें. कुछ भी गंदा नक्को दिखना." मी यादी केली. यंत्रं पुसणे, शेड झाडणे, झेंडूचे हार, कोहळा, पेढे, रांगोळी. आमच्या घरी खंडेनवमीला विळी-कोयतीसुद्धा चिंचेनं घासून मग पाटावर ठेवतात. टाक्यांत हिरवट-काळा गाळ. घाणीला हळदकुंकू कसं वाहायचं? मी यादीत आठवी ओळ लिहिली, 'टाक्या धुणे'. त्यांचा निरोप त्याच वहीत मागच्या पानावर होता. मला वाटलं, पन्हळ बंदच आहे, आले की त्यांचंच काम हलकं झालेलं असेल. आणि तिसऱ्या टाकीतलं पाणी इतकं निवळ दिसायचं की ते पाणी घाण असेल, हे मनातच आलं नाही. तिसरी धुतली की दुसरी मळकी दिसते. दुसरी धुतली की पहिली. कोपऱ्यातली ॲसिडची तर डागाळलेलीच होती.

यादगिरीनं विचारलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, नाहीतर उद्या कुणीतरी त्याच्यावर ढकलेल. तो पंप चालू करण्याआधी थांबला आणि म्हणाला, "अम्मा, ये पानी किधर छोड़ना? पानी साब कब्बी छोड़ते नहीं."

मी म्हणाले, "मागे. नाल्यात."

नवमीला पूजा झाली. टाक्यांना स्वस्तिकं काढली. मुंबईचे लोक म्हणाले, व्हेरी क्लीन. शेठनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मला फार बरं वाटलं.

नाला आधीच कचऱ्यानं तुंबलेला होता. पाणी तिथे साचून पलीकडे वस्तीत शिरलं आणि विहिरीचा कठडा एका बाजूनं फुटलेला होता तिथून आत गेलं. आम्ही पेढे वाटत होतो तेव्हा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले. बरोबर गावाकडून आणलेली आपट्याची पानं. फाटकापासून प्रत्येकाला देत आले, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." मला दिलं. मग टाक्यांपाशी गेले. ते ओरडतील म्हणून मी तयार होते. ते ओरडले नाहीत. काठीसुद्धा हातात घेतली नाही. भिंतीवरून मागे वाकून पाहिलं आणि फाटकाकडे चालायला लागले, मग पळायला लागले. पन्नाशीचा माणूस, धोतराचा सोगा हातात. मी आणि यादगिरी मागे.

विहिरीवर शंकरम्माची जाऊ पाणी शेंदत होती. त्यांनी यादगिरीच्या कमरेचा विळा ओढून घेतला आणि दोर कापला. भरलेली बादली आत आदळली. बायका जमल्या. "ओ सारु, पिच्चि पट्टिंदा?" वेड लागलं का तुम्हाला? एकीनं त्यांच्या सदऱ्याला हात घातला. ते फुटलेल्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "ये पानी कोई नहीं पीना. जानवर को भी नहीं. इसमें हमारा पारा है, हमारा तेजाब है."

शंकरम्मा पुढे आली. "दो दिन से पी रहें हम लोगां."

"हौ. म्हणूनच सांगतो. जे पाणी घरात भरलेलंय ते ओतून द्या. आत्ता."

"किसने छोड़ा?"

मी त्यांच्यामागे चार पावलांवर होते. हातात आपट्याची पानं. यादगिरी माझ्याकडे बघत होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "पानी मेरे हाथ के नीचे का है," ते म्हणाले. "मैंने छोड़ा समझो."

तोवर शेठची गाडी आली. शेठनी वस्तीला हात जोडले, साब की तबियत ठीक नहीं, बोलले. मग मला पुढे बोलावून माझ्याकडे बोट केलं. "इनो सब लिखके रखते. बाई, तुम बोलो इन लोगां कू. पानी साफ था ना?"

सगळी वस्ती माझ्याकडे बघायला लागली.

"मेरेकू नहीं मालूम," मी म्हणाले.

तीन शब्द. कठड्यावरच्या माणसानं ते ऐकले आणि नुसती मान हलवली, शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर येत नाही तेव्हा मास्तर हलवतात तशी.

ते तिथून उठले नाहीत. शेठ टँकर पाठवेपर्यंत त्या कठड्यावरच होते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. डोहाळजेवणातल्या लोकांना हसू येतं ते हेच बसणं. टँकर आठ दिवस आला आणि बंद झाला. शंकरम्माचं एक रेडकू मेलं. ते पाण्यानं मेलं की कशानं, हे कुणी तपासलं नाही. माणसं दगावली नाहीत, पण कितीजणांच्या पोटात ते दोन दिवस काय गेलं, तेही कुणी तपासलं नाही. चौकशी झाली ती फक्त कारखान्यात. त्यात 'बेजबाबदारपणे टाक्या रिकाम्या केल्या' म्हणून त्यांना काढून टाकलं. त्या दिवशी ते गावाला होते हे शेठना माहीत होतं, मला माहीत होतं, हजेरीपटाला माहीत होतं. काढून टाकल्याचं पत्र मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं.

त्यांनी पत्र घेतलं, वाचलं, 'बेजबाबदार'मधलं माझं शुद्धलेखन बरोबर असल्याचं सांगितलं आणि गेले.

मग दीड वर्ष ते वस्तीला सरकारी नळ मिळावा म्हणून कचेरीत खेटे घालत होते. पिशवीत त्याच बाटल्या. तिथले कारकून त्यांना पाहिलं की एकमेकांना खुणा करायचे. नळ आला. विहिरीवर शिळा बसली. कारखाना त्याआधीच बंद पडला होता, शेठ परत मिरचीत गेले.

मला ते एकदाच भेटले, कोठीच्या बसथांब्यावर. "सासूबाई बऱ्या आहेत?" त्यांनी विचारलं. बऱ्या आहेत, मी म्हणाले. ते गेले मात्र नाहीत. त्यांची बस आली, ती त्यांनी सोडली. दुसरी आली, तीही सोडली. मी उकाड्याबद्दल बोलले. सिनेमाच्या तिकिटांबद्दल बोलले. तिसऱ्या बसला ते चढले.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

डोहाळजेवणानंतरच्या रविवारी मी वस्तीत गेले. आता तिथे पक्की घरं आहेत, गल्लीत नळ आहे. शंकरम्माचे केस पांढरे झालेत, म्हशी नाहीत. तिनं मला ओळखलं, बसायला खुर्ची दिली. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. टाक्या मी धुवायला लावल्या, पाणी मी सोडायला लावलं, सारु तेव्हा गावी होते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मालूम है."

"काय?"

"यादगिरी उसीच शाम कू बोला. हम लोगां तुम्हारे घर आने वाले थे, औरतां सब मिलको. सारु रोके. बोले, नक्को जाव, उनो खुद आको बोलेंगे." तिनं पदर नीट केला. "पहले साल पूछते थे, आई क्या? नल का काम देखने आते तब्बी पूछते. बीमार पड़े तो मैं देखने गई. तब्बी पूछे."

मी विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?"

"क्या बोलती मैं? बोली, आई थी. माफी मांगको गई." शंकरम्मानं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुम्हारे वास्ते मैं मरते आदमी से झूट बोली."

मला माझी लाज वाटायला हवी होती. ती वाटली, नाही असं नाही. पण आधी आला तो रागच, आणि तो त्यांचाच आला. इतका भरवसा कुणी कुणावर ठेवायचा नसतो. त्या दिवशी विहिरीवर त्यांनी माझा हात धरून मला सगळ्यांसमोर उभं केलं असतं, तर बायकांनी मला मारलं असतं, नोकरी गेली असती, आणि तिथल्या तिथे संपलं असतं.